एका माणसाचं सामान

कुसुम, परवा तुझी बॅग उघडली.

जलदान विधी आटोपला, विहारातली मंडळी गेली, आणि मायनं पदर खोचून बैठकीतल्या दिवाणाखालून ती निळी बॅग स्वतः ओढली. पंच्याहत्तरीला आलेली बाई, दोनदा थांबून दम घेतला, पण मला हात लावू दिला नाही. "उघड वं," मला म्हणाली. "पोरीची बॅग अशी बंद नाही ठेवाव." किल्ली तुझ्या पर्सच्या आत सेफ्टी पिनेला अडकवलेली होती, नेहमीच्याच जागी. आत काय निघालं ते सांगते, पण शेवटी सांगते. आधी माझं बोलून होऊ दे.

हे मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे, सुजाताच्या जुन्या वहीत. माझी लेक आता कॉलेजला जाते, वह्या अर्ध्या कोऱ्या टाकते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसली मास्तरीन पेन घेऊन. तोंडानं बोलता नाही येत का वं वहिनी तुले?" नाही आलं. टोमणे तेवढे तोंडानं आले. तुझ्यामाझ्यात जे झालं ते घरात कोणालाच माहीत नाही, कारण भांडण झालंच नाही. झालं असतं तर तू चार दिवस अबोला धरला असतास, पाचव्या दिवशी मी तुझ्या आवडीचा पाटोडीचा रस्सा केला असता, आणि तू जेवता जेवता नाक ओढत हसली असतीस. नणंद-भावजयींची भांडणं अशीच मिटतात. न झालेलं भांडण कसं मिटवायचं, हे मला कोणी शिकवलं नाही.

दोन वर्षांतून एकदा तू मस्कतच्या दवाखान्यातून दीड महिन्याची सुटी काढून यायचीस. तुझे दादा कोराडीच्या पॉवर हाऊसमधली पाळी बदलून घेऊन स्टेशनवर जायचे, आणि सायकलरिक्षा गल्लीत वळायच्या आत अर्धी गल्ली आपल्या ओट्यावर बसलेली असायची. पण बॅग त्या दिवशी उघडायची नाही, हा मायचा कायदा. "पयला दिवस मानसाचा," ती म्हणायची. "बॅग काही पळून नाही जात." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला की बैठकीत सतरंजी पडायची. बॅग मधोमध, माय भिंतीला टेकून, शेजारच्या रुक्माबाई मायच्या मांडीला मांडी लावून, आणि तू एकेक वस्तू काढून आधी मायच्या हातात द्यायचीस. माय ती उलटीपालटी करून पाहायची, वास घ्यायची, मग पुढे सरकवायची. विहारात प्रसाद नसतो, पण आपल्या बैठकीत त्या दिवशी तसंच काहीसं चालायचं.

आणि काय निघायचं त्या बॅगेतून. लोकांच्या घरी अरबस्तानातून टेपरेकॉर्डर येत होते, सोन्याच्या बांगड्या येत होत्या. तू आणायचीस कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे. भांडी घासायचा स्पंज, एका बाजूनं पिवळा, दुसऱ्या बाजूनं हिरवा खरखरीत. बटाटे सोलायची सोलणी. नखं कापायचं यंत्र, पुठ्ठ्यावर ओळीनं लावलेल्या लहानमोठ्या सेफ्टी पिना, दुधाच्या पावडरीचा डबा, दादांसाठी दाढीची पाती. तू पत्रात लिहायचीस, "शुक्रवारी सुटी असते. आम्ही चौघी नर्सा बाजारात जातो. त्या तिघी सोनं पाहतात, मी स्पंज पाहते. त्या म्हणतात, हिचं डोकं गेलं." मला ते वाचून तुझा अभिमान वाटला नाही, खरं सांगते. मला वाटलं, सोनं का नाही पाहत ही?

आता कळतं. तू घर पाहत होतीस. तिथल्या बाजारात उभी राहून आमच्या मोरीत काय कमी आहे, आमच्या चुलीपाशी कोणाचा हात भाजतो, मायच्या पायाची नखं कोण कापतं, हे आठवून आठवून घेत होतीस.

आणि आम्ही काय केलं? शोकेसमध्ये ठेवलं. हिरवा साबण कागदासकट. स्पंज कोंड्याच्या बाहुलीशेजारी, कारण रंग छान होते. तो चांदीसारखा कागद, ज्यात पोळ्या गुंडाळायच्या असतात, त्याचा एक तुकडा मायनं धुऊन, वाळवून, उशीखाली इस्त्री करून वर्षभर वापरला आणि उरलेली गुंडाळी शोकेसमध्ये उभी केली. चहाच्या पुड्या दोऱ्याला लटकलेल्या आल्या, तेव्हा मायनं कात्रीनं पुड्या कापल्या, चहापत्ती डब्यात भरली आणि म्हणाली, "पॅकिंग मस्त करतात, पण किती कमी भरतात." संत्र्याच्या सरबताची भुकटी आली तेव्हा तर रुक्माबाईंनी कपाळाला हात लावला. "संत्र्याच्या गावात संत्र्याची भुकटी. उद्या कोराडीले राख आनजो वं पोरी."

तू दर खेपेला शोकेस पाहून चिडायचीस. "वापरा ना वं. वस्तू वापरासाठी असते, पाहासाठी नाही." मी म्हणायचे, चांगल्या दिवसासाठी ठेवलं आहे. तू विचारायचीस, "कोन्ता चांगला दिवस? सांग तारीख." मी शोकेसची काच पुसायला घ्यायचे. आणि दुसऱ्या खेपेला शोकेस आणखी भरलेली असायची. गल्लीत आम्हाला मस्कतवाले म्हणायचे, कुसुम. शाळेत दुसऱ्या बाया मला विचारायच्या, यंदा काय आलं. साबण वापरला असता तर संपला असता, आणि मग मी काय दाखवलं असतं?

त्या सुगंधी वडीची गोष्ट आठवते का? गुलाबी, गोल, जाळीच्या पिशवीत. बॅगेतून निघाली तेव्हा तू दारात पोस्टमनशी बोलत होतीस. मायनं वास घेतला, डोळे मिटले, आणि ती वडी थेट स्वतःच्या साड्यांच्या पेटीत नेऊन ठेवली. चार दिवसांनी कामठीला लग्न होतं. माय पेटीतली चांगली साडी नेसून गेली आणि तिथं बायांनी तिला घेरलं, कोणतं अत्तर म्हणून. माय मान ताठ करून म्हणाली, "मस्कतचं." घरी आल्यावर तू मला मोरीत ओढलंस, दार लावलंस, आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागलीस. "वहिनी, ते संडासात लटकवाचं असते वं. वास मारू नये म्हनून." आपण दोघी मोरीच्या फरशीवर बसून इतक्या हसलो की मायनं बाहेरून दार वाजवलं. तू माझ्या हाताला धरून म्हणालीस, "मायले कधी सांगजो नको. तुले माझी शपथ." मी नाही सांगितलं, कुसुम. एवढी एक शपथ तरी मी पाळली आहे.

त्या मोरीतल्या कुसुमशी मी खोटं बोलले.

खोलीची गोष्ट मुळापासून सांगायला हवी. कन्हानला खाणीतल्या माणसाशी तुझं लग्न झालं आणि आठ महिन्यांत तू पाठीवर वळ घेऊन परत आलीस, हे मला माझं लग्न ठरतानाच सांगितलं होतं. मी या घरात आले तेव्हा तू मागच्या खोलीत राहत होतीस. एक ट्रंक, नर्सिंगची पुस्तकं, आणि पावसाळ्यात ओल येऊन पोपडे निघालेली भिंत. तीन खोल्यांचं घर. बैठकीत माय, स्वयंपाकघरात आम्ही दोघं अंथरूण टाकून, आणि तुला स्वतंत्र खोली. मला राग यायचा, पण बोलता येत नव्हतं. मग तुला मस्कतची नोकरी लागली. जायच्या दिवशी तू ट्रंक दिवाणाखाली सरकवलीस आणि खोलीची कडी माझ्या हातात दिल्यासारखा माझा हात कडीवर ठेवलास. "खोली तुझी वहिनी. मी येतपर्यंत."

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा कडी लावता येईल असं दार मिळालं. तिथं मी टेबल टाकलं, दुपारी शिकवणीच्या मुली बसवल्या, धान्याच्या कोठ्या ठेवल्या, माझी पुस्तकं लावली. दार लावून दहा मिनिटं नुसती बसायचे, काही न करता. तू म्हणालेलं "येतपर्यंत" मी ऐकलं होतं. पण आठ-नऊ वर्षांत माणूस सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो.

तुझ्या येण्याआधी दोन महिने यादी पाठवायची पद्धत होती. माय सांगायची, दादा सांगायचे, रुक्माबाईही हळूच सांगायच्या, आणि अक्षर चांगलं म्हणून निळ्या हवाई पत्रावर मी लिहायचे. साबण अमका, पावडर तमकी, मागच्या वेळची सोलणी हरवली, आणखी एक. पत्र भरून जायचं. शेवटी कोपऱ्यात जागा उरली तर "तब्येतीची काळजी घे." न उरली तर तेही नाही.

तीन वर्षांपूर्वी यादी पाठवायच्या आधीच तुझं पत्र आलं. दवाखान्यातलं काही, पावसाचं काही, आणि मध्येच दोन ओळी: "वहिनी, मागच्या खोलीच्या भिंतीले अजून ओल येते का? सहज विचारून राहिली."

सहज. मी ती ओळ तीनदा वाचली. दादा पाळीवर होते, मायला वाचता येत नाही, पत्र मीच वाचून दाखवते. मायला वाचून दाखवताना मी त्या दोन ओळी गाळल्या. तुला परत यायचं होतं, कायमचं. मस्कतमध्ये नऊ वर्षं दुसऱ्यांची आजारपणं काढून तुझं अंग थकलं होतं, आणि तू सरळ विचारत नव्हतीस कारण सरळ विचारलं आणि कोणी हो म्हणायला क्षणभर थांबलं, तर ते तुला सोसलं नसतं. कन्हानहून परत आलीस तेव्हा असाच एक क्षण दारात उभी होतीस म्हणे. मायनं मला सांगितलं आहे ते. मला सगळं समजलं होतं, कुसुम. न समजून नाही केलं मी.

भिंतीला ओल नव्हती. आदल्या उन्हाळ्यात दादांनी गवंडी लावून जुना गिलावा पाडला होता, सिमेंटचा केला होता, वर खांद्यापर्यंत हिरवा ऑइल पेंट. पावसाळा येऊन गेला, भिंत कोरडी ठणठणीत. आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, "ओल आहेच. पावसाळ्यात तर हात लावला की ओला होतो. माणूस काही राहू शकत नाही तिथं, म्हणून कोठ्या ठेवल्या आहेत." खाली लगेच यादी. अकरा वस्तू. शेवटी जागा उरली होती, तर तब्येतीची काळजी घे असंही लिहिलं.

काहून केलं असं, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोलीचं सांगितलं असतं, ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की माय दिवसभर कुसुम कुसुम करते, आणि तू लांब आहेस तोवर ते मला चालत होतं. लांबच्या नणंदेचं कौतुक मीही करत होते. जवळची आली असती तर मायच्या पायाची नखं तू कापली असतीस, आणि इतकी वर्षं मी कापली त्याचं कोणी नाव काढलं नसतं. एवढंच. एवढ्या बारीक गोष्टीसाठी मी एका माणसाचं घर बंद केलं.

तू आलीस. पहिल्या दिवशी संध्याकाळी, सगळे बैठकीत असताना, मागच्या खोलीत गेलीस. मी कोठीतून तांदूळ काढायच्या निमित्तानं मागोमाग आले आणि दारातच थबकले. तू भिंतीला तळहात लावून उभी होतीस. रोग्याच्या कपाळाला लावावा तसा, नुसती बोटं नाही, सगळा हात. बराच वेळ. मग हात खाली घेतलास, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "गिलावा चांगला केला दादानं." आणि माझ्या बाजूनं निघून गेलीस.

त्याच वेळी मी तुझा हात धरायला हवा होता. मी तांदूळ काढले.

दुसऱ्या दिवशी बॅग उघडली. निळी बॅग आधी. माय भिंतीला टेकून, रुक्माबाई शेजारी. तू काढायला लागलीस. एक पांढरं ताट, काठाला निळी रेघ. एक वाटी. एक कप. एक चमचा. एका माणसाचा भात शिजेल एवढंसं पातेलं. एक टॉवेल. एका पलंगाची चादर, एक उशीचा अभ्रा. एक छोटा आरसा. सगळं एकेक, सगळं कागदात गुंडाळलेलं. शेवटी एका पाकिटातून पांढरा हूक निघाला. रुक्माबाईंनी विचारलं, "हे काय आनलं वं?" तू सांगितलंस, "कपडे अडकवाचा हूक. खिळा नाही ठोकाव लागत. मागचा कागद सोलाचा अन् दाबून चिकटवाचा. भिंत फक्त कोरडी पाहिजे."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तरी बरं झालं असतं. पकडली गेलेली बाई फार वाईट बोलते, कुसुम. मी चारचौघांत हसून म्हणाले, "या खेपेले समदं सोतासाठीच आनलं का वं? आमची यादी काय समुद्रात पडली?"

सगळे हसले. तूही हसलीस. "नाही वं वहिनी," म्हणालीस, "हे तिकडच्या माझ्या खोलीचं सामान आहे. बांधाबांधीत चुकून इकडं आलं. तुमचं त्या कापडी बॅगेत आहे." आणि कापडी बॅग पुढे ओढलीस. अकराच्या अकरा वस्तू होत्या, एकही विसरली नव्हतीस. सोलणीसुद्धा. मग निळ्या बॅगेकडे कोणी पाहिलं नाही. तू ती वस्तू वस्तू परत भरून, कुलूप लावून कोपऱ्यात ठेवलीस. जाताना मायनं त्याच बॅगेत तुझ्यासाठी तिखट, जवसाची चटणी, कुरडया कोंबल्या आणि तू गेलीस.

दोन वर्षांनी सुटी आली तेव्हा तू आली नाहीस. नर्सा कमी आहेत, असं लिहिलंस. यादी मात्र मागवलीस, आणि नागपूरच्याच एका नर्ससोबत सगळं पाठवलंस. मी शोकेसमध्ये ठेवलं.

या उन्हाळ्यात तू आलीस ती दादांच्या खांद्यावर हात टाकून. पोटात गाठ आहे, हे तुला तिथंच कळलं होतं, आम्हाला इथं. तेहतीस दिवस. दवाखान्यानं घरी न्या म्हटलं, आणि मी तुझं अंथरूण बैठकीत दिवाणावर केलं. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "कुसुम, मागची खोली खाली करून देते. इथं येणंजाणं असतं, तुला झोप लागत नाही." तू डोळे मिटूनच होतीस. ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं हसलीस. "नको वं. ओल असते ना तिथं."

तो टोमणा होता की माफी, हे मी उरलेले तीस दिवस तुझ्या तोंडाकडे पाहून ओळखायचा प्रयत्न केला. रोज विचारायचं ठरवायचे. रोज तुझे पाय चेपायचे, चादर बदलायचे. रोगी न उठवता चादर कशी बदलायची ते तूच शिकवलंस, मी चुकले की ओरडायचीस, "पाठीखाली सुरकुती राहिली वहिनी, नर्स नसती झाली तू." एक दिवस तू म्हणालीस, "तो हिरवा साबण फोड ना वं आता. तारीख आली." मी शोकेस उघडली, कागद सोडला. साबण वाळून मधोमध तडकला होता. वास अजिबात राहिला नव्हता. तू तो नाकापाशी धरलास आणि म्हणालीस, "पाह्य, म्हनत होती ना मी." त्याच साबणानं मी तुझं अंग पुसलं. फेसही धड झाला नाही. त्या वेळी घरात आपण दोघीच होतो, आणि मला बोलता आलं असतं. मी टॉवेल पिळत राहिले. मला वाटलं, बरी दिसतेस आज, उद्या बोलू. सगळ्या जगात मीच एक अशी मूर्ख की तुझ्या तोंडाकडे पाहून मला तू बरी होते आहेस असं वाटलं.

तू गेलीस त्या सकाळी मायनं पेटीतून पांढरी साडी काढली. विहारातल्या बाया आल्या होत्या, त्रिशरण-पंचशील सुरू होतं, मी मायच्या मागे बसले होते. आणि तिच्या साडीचा वास आला. तोच, गुलाबी वडीचा. इतक्या वर्षांनी अजून पेटीत होती ती. एका बाईनं हळूच मायकडे वळून पाहिलं. माझ्या पोटातून हसू उसळलं आणि मी सवयीनं मान वर करून तुला शोधलं. तू समोर पांढऱ्या चादरीखाली होतीस. त्या क्षणी मी जी ओरडून रडले त्याला बाया म्हणाल्या, भावजय असून किती माया. मला त्यांना सांगता आलं नाही. तुझी शपथ होती.

तर परवा बॅग उघडली. वर तुझे दोन गाऊन, गोळ्यांच्या बाटल्या, मायच्या सांडलेल्या तिखटाचे लाल डाग. आणि त्याखाली ते ताट. ती वाटी. कप. पातेलं. टॉवेल, चादर, अभ्रा, आरसा, तो हूक. एकाचाही कागद सुटलेला नव्हता, कुसुम. तिकडच्या खोलीचं सामान म्हणाली होतीस. तीन वर्षं तिकडच्या खोलीत तू त्या ताटात जेवली नाहीस, तो टॉवेल अंगाला लावला नाहीस. आम्हाला ओरडणारी तू, वस्तू वापरासाठी असते म्हणणारी. तूही ठेवलंस जपून, चांगल्या दिवसासाठी.

मायनं एकेक वस्तू हातात घेतली, पूर्वीसारखीच. वास घेतला. सगळ्या सतरंजीवर मांडून झाल्यावर त्यांच्यावरून हात फिरवला. मग मला विचारलं, "हे तर एकाच मानसाचं सामान होय. तिले इथं राहाचं होतं का वं?"

मी म्हटलं, "हाव."

"तुले मालूम होतं?"

"हाव."

 मायनं चादर उचलली, घडी पुन्हा नीट केली आणि माझ्या हातात दिली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही. चहा दिला तर घेते. तिचा अबोला मी मोडणार नाही, तो मला हवा आहे. तुझा तर मिळाला नाही.

काल मी शिकवणीच्या मुलींना सुटी दिली आणि मागची खोली रिकामी केली. कोठ्या स्वयंपाकघरात, टेबल ओट्यावर, पुस्तकं पोत्यात. फरशी धुतली. दादांनी दिवाण आत आणून ठेवला, का म्हणून विचारलं नाही. तुझी चादर टाकली, अभ्रा चढवला. ताट, वाटी, कप खिडकीत मांडले, सगळ्यांचे कागद सोडले. आरसा लावला. शेवटी, आज सकाळी, हूक घेतला, मागचा कागद सोलला आणि दिवाणाच्या उशापाशी, जिथं तू हात ठेवला होतास नेमका तिथं, दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला. वाटलं, तीन वर्षांचा जुना डिंक, धरणार नाही. मग त्यावर तुझा टॉवेल अडकवला आणि इथं उंबऱ्यावर येऊन बसले.

सकाळपासून पाहते आहे. पडला नाही.

भिंत कोरडी आहे, कुसुम. तेव्हाही कोरडीच होती. ये ना वं, राह इथं.